हाय तसंच

दसरा उलटला की माझे हात कडू होतात. हे काही अलंकारिक बोलणं नव्हे. दिवसभर कोयनेलचं, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनचं, पाणी ढवळायचं, बाटल्यांत भरायचं, सांडलेलं फडक्यानं पुसायचं. संध्याकाळी राखेनं आणि मग चिंचेच्या कोळानं हात धुतले तरी पहिल्या घासाला भात कडू लागतो. दुसऱ्या घासापासून सवय होते. माझी धाकटी मुलगी एरवी माझ्या हातून जेवते, पण आश्विन लागला की तोंड फिरवते आणि आईच्या पदराआड जाते. मी आग्रह करत नाही. कंपोंडरच्या पोरीला एवढं शहाणपण असायचंच.

यंदाही ते दिवस आले. हळवं भात कापून झालंय, गरवं अजून उभं आहे. खाचरांतलं पाणी आटत आलंय आणि दुपारचं ऊन असं लागतं की पावसाळ्याचे चार महिने खोटे वाटावेत. वारा सुटला की ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येतो आणि त्याच्या पाठोपाठ खाडीच्या चिखलाचा. लोकांना या वासानं दिवाळीची आठवण होते. मला हिवतापाची होते. डबक्या-खड्ड्यांतलं पाणी हिरवं पडतं, डास माजतात, आणि दसऱ्याच्या सोन्याबरोबर घरोघर हुडहुडीही वाटली जाते. बारा वर्षं हेच पाहतो आहे. पहिली काही वर्षं मला वाटायचं, पुढच्या साली कमी होईल. आता वाटत नाही. मुंबईत आपली माणसं मंत्री झाली, वर्तमानपत्रांत मोठमोठं छापून येतं, पण आमच्या डबक्यांना अजून ते कुणी वाचून दाखवलेलं नाही.

आमचा दवाखाना माणगावपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, खाडीच्या अंगाला आहे. मुंबईत लाकडाच्या वखारीवर नशीब काढलेल्या एका शेटजींनी तो आईच्या नावानं बांधला. तीन खोल्या, वर कौलं, पुढे शेणानं सारवलेली ओटी आणि औषध द्यायची एक खिडकी. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी बारा वर्षं गेली. बाहेरच्या बाजूला बायका उभ्या असतात. बाप्ये बहुतेक मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. आणि कापणीच्या दिवसांत आजारी पोर सांभाळायचं, भात कापायचं आणि दवाखान्याची वाट तुडवायची, ही तिन्ही कामं एकीच्याच अंगावर. बाटली घरून आणायची असा नियम. कुठलीही बाटली येते. एकीला रॉकेलचा वास, एकीच्या बुडाशी खोबरेल थिजलेलं, बुचाच्या जागी चिंधीचा बोळा. मी ती उकळत्या पाण्यानं विसळायची, औषध भरायचं आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एका वेळेला एक खाच. अक्षर येत नसलं तरी खाच बोटाला लागते.

इतकं सगळं आम्ही नीट बसवलं होतं. बाटली, खाच, पट्टी, खिडकी. फक्त एका शब्दाचा हिशेब आम्ही धरला नव्हता.

तो शब्द मी आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो. आमच्याकडे पोर बरं झालं असं आईनं तोंडानं म्हणायचं नसतं. म्हटलं की दृष्ट लागते, आणि सगळ्यांत वाईट दृष्ट आईचीच. कुणी विचारलं तर म्हणायचं, हाय तसंच. मी सहा-सात वर्षांचा असताना तापातून उठलो होतो आणि शेजारच्या परसातल्या पेरूच्या झाडावर चढून बसलो होतो. खाली शेजारीण आईला विचारत होती, पोराचं कसं काय? आईनं वर माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडातला पेरू पाहिला, आणि चेहरा पाडून म्हणाली, हाय तसाच. शेजारणीनंही वर पाहिलं, मान हलवली आणि तेवढाच चेहरा पाडला. दोघींना सगळं कळलं होतं. आमच्या मुलखात या 'तसंच' शब्दाचा अर्थ सुरावर असतो, आणि तो सूर ज्याला ऐकू येत नाही तो परका.

आमचे पहिले डॉक्टर परके होते. घाटावरचे. मिठाच्या सत्याग्रहाच्याही तीनचार वर्षं आधीची ही गोष्ट. ते तिशीच्या आतबाहेरचे, सडसडीत, चष्म्याच्या काचा सारख्या पुसणारे, आणि कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी दोन नियम केले. बाटली उकळून घ्यायची हा एक, आणि रोग्याखेरीज कुणी आत यायचं नाही हा दुसरा. आया आत आल्या की रडतात, पोराला छातीशी दाबून धरतात, तपासू देत नाहीत, आणि पाठ वळली की जिभेवर अंगारा टेकवतात, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. मीच त्यांच्या सांगण्यावरून दाराच्या चौकटीत कमरेइतक्या उंचीवर आडणा, म्हणजे आडवा दांडा, घातला आणि बाकडं उचलून ओटीवर नेलं. खरं सांगायचं तर ते बाकडं बाहेर नेताना मला बरं वाटलं होतं. मी अलिबागेला कंपोंडरीची परीक्षा देऊन आलेला, अंगात कोट घालणारा. आत डॉक्टर आणि मी, बाहेर बाकीचे. आपली आई बाहेरच्यांत बसली असती हे तेव्हा मनात आलं नाही.

पारू त्याच वर्षी पहिल्यांदा आली. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची, दवाखान्यापासून दीड तासाच्या चालीवर. नवरा मुंबईला गिरणीत, गणपतीला आणि शिमग्याला दिसणारा. पाठीवर गोधडीत बांधलेली सात वर्षांची पोर, चंद्री. एकांतरा ताप, म्हणजे एक दिवस हुडहुडी आणि एक दिवस मोकळा. पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून दगडासारखी. डॉक्टरांनी पोरीला आत घेतलं, पारूला बाहेर ठेवलं, तपासून औषध लिहिलं. चंद्री आत एकटी असताना रडली नाही. माझ्या कात्रीकडे बघत होती. मी पट्टीच्या खाचा पाडल्या तेव्हा उडालेले कागदाचे तिकोनी तुकडे तिनं मागितले आणि मुठीत धरून नेले.

पुढे पोरीला दर खेपेला आणणं शक्यच नव्हतं. भात कापणीला आलेलं, आणि सात वर्षांचं पोर पाठीवर घेऊन दीड तास चालायचं म्हणजे त्या दिवसाचं काम बुडालं. पोर शेजारणीच्या ओटीवर ठेवून पारू एकटीच बाटली घेऊन यायची, चौथ्या दिवशी. हाताला विळ्याचे चरे, केसांत भाताचं कूस, पदरात बाटली. डॉक्टर आतून, मान वर न करता विचारत, ताप कसा आहे? पारू खिडकीतून म्हणे, हाय तसाच. डॉक्टर मला म्हणत, जोर वाढवा. मी वाढवी.

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला औषध इतकं कडक झालं होतं की बाटलीला बूच लावताना माझी बोटं चुरचुरली. आणि पारूचा तो सूर! माझ्या आईचा होता, जसाच्या तसा. पेरूच्या झाडाखालचा. मला तो ऐकू आला होता. आज मी कितीही आडवळणानं सांगितलं तरी हे बदलत नाही. पहिल्याच खेपेला मला कळलं होतं की पोरीचा ताप गेलाय. मग मी का बोललो नाही? डॉक्टर बी.ए.च्या वर शिकलेले, इंग्रजी पुस्तकं वाचणारे. त्यांना काय सांगायचं, साहेब, आमच्याकडे बरं असलं की वाईट आहे म्हणतात? ते हसले असते. त्या हसण्यात मीही बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो असतो. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी बारा वर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही.

तिसऱ्या खेपेला बाटली घेताना पारू घुटमळली. डॉक्टर आत दुसऱ्या पोराची छाती ऐकत होते. तिनं खिडकीत वाकून मला हळूच सांगितलं, "पोर म्हनते, कानात पाऊस पडतोय. डाक्तरांना इचारा काय ते."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी म्हणालो, तापाचं असेल. रांग मोठी होती. मी पुढची बाटली घेतली.

आज मी हे वाक्य लिहिताना थांबलो आणि बाहेर जाऊन आलो. कोयनेल जास्त झालं की कानात आवाज होतात हे डॉक्टरांना तर ठाऊक होतंच, पण मलाही ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर उत्तर लिहिलं होतं. पुस्तकात मात्र 'कर्णनाद' असं छापलं होतं. कानात पाऊस पडतो असं नव्हतं. माणूस शिकतो आणि मग त्याला आपलीच भाषा कळेनाशी होते, हे असंच होत असावं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पारू आली ती चंद्रीला घेऊन. या वेळी पाठीवर नव्हती, हात धरून चालत आली होती. गालावर थोडं मांस आलं होतं, हातात भाकरीचा तुकडा होता, चवीनं खात होती. मी खिडकीतून हाक मारली, चंद्रे. तिनं पाहिलं नाही. पुन्हा मारली. ओटीवरच्या चार बायकांनी वळून पाहिलं, तिनं नाही. पारूनं डाव्या हातानं दाराचा आडणा काढला आणि कुणाला न विचारता पोरीला घेऊन सरळ आत आली. तिला अडवायचं काम माझं होतं. मी जागचा हललो नाही.

डॉक्टरांनी पोरीच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली. मग टेबलावरची पितळी घंटा वाजवली. चंद्री भाकरी खात होती. त्यांनी तिच्या पोटाला हात लावला, पाणथरी उतरलेली. डोळे पाहिले. मग हळू आवाजात पारूला विचारलं की ताप शेवटचा कधी आला होता. पारूनं पोरीला जवळ ओढलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं पोरीकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, घट बसल्यापासून न्हाय.

घट बसून तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. डॉक्टर खुर्चीत बसले. मग तसाच आहे असं दर वेळी का सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, खरोखरच न कळून. पारू त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही त्यांचं कळेना.

"असं आपल्याच तोंडानं बोलत्यात का, साहेब?" ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही इकडचे. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "नाही."

पारू तिथेच उभी होती. कानातल्या पावसाचं तिनं मला सांगितलं होतं, सहा दिवसांपूर्वी, याच खिडकीत. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. पोरीच्या तोंडाला लागलेले भाकरीचे कण तिनं पदरानं पुसले, आणि विचारलं, कान कवा येतील?

डॉक्टरांना आशा होती. बहुतेकांचे येतात, असं ते म्हणत. औषध थांबवलं, महिना गेला, दोन गेले. चंद्री आईला विचारायची, पाऊस कधी थांबणार? माघात एका सकाळी तिनं सांगितलं की पाऊस थांबला. पारू धावत दवाखान्यात आली होती. पण पावसाबरोबर बाकीचंही सगळं थांबलं होतं. शिमग्याला नवरा आला तेव्हा त्यानं दवाखान्याच्या ओटीवर उभं राहून डॉक्टरांना नाही नाही ते ऐकवलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मीही खिडकीमागे उभा राहून ऐकलं. त्यातलं निम्मं माझ्या वाटणीचं होतं.

दुसरा कुणी असता तर नोकरी सोडून घाट चढून गेला असता. आमचे डॉक्टर राहिले. त्यांनी आडणा काढून चुलीत घातला आणि बाकडं स्वतः एका टोकाला धरून आत आणलं. दुसरं टोक माझ्या हातात होतं. आणि मग ते पारूच्या वाडीवर चालत गेले. मला बरोबर नेलं. तिच्या अंगणात, पाखडलेल्या भाताच्या धुरळ्यात उभं राहून त्यांनी तिला विचारलं की मी आयांना काय विचारलं म्हणजे मला खरं कळेल? मला वाटलं पारू आम्हाला हाकलून देईल. तिचा तो हक्क होता. तिनं सूप खाली ठेवलं, कपाळाचा घाम पुसला. ती इतकी दमलेली होती की तिला बहुधा रागावायचंही त्राण नव्हतं.

"पोर कसं हाय, असं आईला इचारूच नये," ती म्हणाली. "काल काय खाल्लं ते इचारा. कुनाशी भांडलं का ते इचारा. पोर भांडाया लागलं का समजावं."

डॉक्टरांनी हे खिशातल्या वहीत लिहून घेतलं, माझ्यासमोर, अक्षरशः. तेव्हापासून आमच्या दवाखान्याच्या केसपेपरांवर इंग्रजी औषधांच्या खाली मराठीत 'भांडतो', 'भांडत नाही', 'आजीशी भांडला' असे शेरे दिसू लागले. एकदा माणगावचे कुणी अधिकारी तपासणीला आले होते, त्यांना वाटलं आम्ही फौजदारीही चालवतो.

दोऱ्याची युक्तीही पारूचीच. ताप आला की दोऱ्याला गाठ मारायची, नाही आला की तेवढाच दोरा रिकामा सोडायचा, एका दिवसाला एक बोट. दवाखान्यात येताना दोरा आणायचा आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचा. तोंडानं काहीच बोलायला नको, म्हणजे दृष्टीचा प्रश्न नाही. कुणी काळ्या दोऱ्याला गाठी मारी, कुणी केळीच्या सोपटाला, एकीनं तर नवऱ्याच्या जुन्या करगोट्याला मारल्या होत्या. मी त्या गाठी मोजायला शिकलो. आणि पुढच्या आश्विनापासून पारू कापणीतून आठवड्याचा एक दिवस काढून आमच्या बाकड्यावर येऊन बसू लागली. कुणी बोलावलं नव्हतं. चंद्री शेजारी. नवी बाई पोराला घेऊन आली की पारू तिला खाच दाखवी, दोरा देई, आणि पोराला कानांत काही वाजतं का ते विचार, असं दर वेळी बजावी. "पाऊस म्हनंल, रातकिडं म्हनंल, घुंगरू म्हनंल. काय बी म्हनू दे, इथं येऊन सांगायचं." हे ती माझ्याकडे न बघता सांगायची. बारा वर्षांत तिनं मला त्या दिवसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कंपोंडरभाऊ म्हणते, वालाच्या शेंगा आणून देते. कधी कधी वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ऐकून माणूस मोकळा होतो. शेंगा मात्र निवडाव्या लागतात, शिजवाव्या लागतात, आणि कडू हातांनी खाव्या लागतात.

डॉक्टर गेल्या उन्हाळ्यात दवाखाना सोडून घाटावर आपल्या गावी गेले. अधूनमधून कार्ड येतं. भांडणं कशी चालली आहेत, असं विचारतात. मी खुशाली लिहितो. ते कधीच न सांगितलेलं एक वाक्य दर कार्डात लिहीन म्हणतो आणि जागा संपते.

नवे डॉक्टर मृगाच्या सुमाराला आले. हुशार आहेत, वाईट मुळीच नाहीत. पण त्यांनी आल्या आल्या दोन नियम केले. त्यातला दुसरा कोणता हे सांगायला नकोच. बाकडं पुन्हा ओटीवर गेलं. मी एक टोक धरलं. या वेळी ते फार जड लागलं, पण मी धरलं. चाळिशीच्या पुढे माणसाला वाटतं, आता कुणाला शिकवत बसायचं? पुन्हा पहिल्यापासून? पुन्हा एखादं पोर दुखावेल आणि मग हे शिकतील. असा विचार मनात आला आणि मला माझीच भीती वाटली.

गेल्या आठवड्यात चंद्री आली. आता एकोणीस वर्षांची आहे, लग्न झालंय, नवरा होडीवर असतो, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. ती बोलते ते फार मोठ्यानं, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून तिला बरंचसं कळतं. पोराला हिवताप होता, चार दिवसांचं औषध नेलं होतं, दुसऱ्या खेपेला आली होती. तान्हं पोर म्हणून तेवढी चंद्री आत, पारू नियमाप्रमाणे बाहेर, माझ्या खिडकीशी उभी. केस पांढरे झालेत तिचे.

डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता, खाली मान घालून विचारलं की बाळ कसं आहे. ओठ दिसल्याशिवाय चंद्रीला काय कळणार? ती तशीच उभी. त्यांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. मग खिडकीतून पारूनं उत्तर दिलं.

"हाय तसंच."

तोच सूर. चंद्रीनं तेवढ्यात कनवटीचा दोरा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी उचलून केराच्या टोपलीत टाकला आणि मला म्हणाले, "कंपोंडर, जोर वाढवा."

माझ्या हातात तिची बाटली होती. पट्टी अजून ओली होती. मला आठवतं, मला भीती वाटली नाही, धीरही आला नाही. नुसता कंटाळा आला, बारा वर्षांचा, हाडांपर्यंत गेलेला, त्या 'नाही'चा कंटाळा. मी बाटली खाली ठेवली.

"साहेब, पोर बरं आहे," मी म्हणालो.

खिडकीबाहेर पारूनं पदर तोंडावर घेतला. डॉक्टर म्हणाले, आजीबाई तर तसंच आहे म्हणतात. मी टोपलीतून दोरा काढून त्यांच्यासमोर ताणून धरला. एक गाठ, आणि पुढे तीन बोटं रिकामा. तो कसा वाचायचा ते सांगितलं. पोरानं काल काय खाल्लं ते विचारायला सांगितलं. चंद्रीच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं विचारायला सांगितलं. आणि मग या पोराच्या आईचे कान कशानं गेले, तेव्हा खिडकीत कोण उभं होतं आणि त्याला काय सांगितलं गेलं होतं, तेही सांगितलं. रांग थांबली होती. नव्या डॉक्टरांनी दोरा हातात घेतला. त्यांनी पोराचं पोट पुन्हा एकदा, सावकाश, तपासलं. आहे तेच औषध चालू ठेवा, असं म्हणाले आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. बाकडं अजून बाहेरच आहे. पण परवा त्यांनी एका बाईला आत घेतलं, आणि दोरा आहे का म्हणून विचारताना मी ऐकलं.

काल पारू बाटली न्यायला आली. बरोबर चंद्री आणि तिच्या काखेत ते पोर, माझ्या खिडकीच्या गजांना धरून ओढणारं. पारूनं आधी मला सांगून टाकलं की घरी गेल्यावर तिनं मीठ-मिरची उतरवली आणि चुलीत घातली, माझ्या नावानं. असं भर दवाखान्यात, मोठ्यानं, पोर बरं आहे म्हणून कुणी बोलतं का? मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "त्या वक्ताला न्हाय बोललात. आता बोललात." बारा वर्षांनी एवढंच. मी मान खाली घातली आणि बाटली विसळू लागलो.

ती गेली नाही. चंद्री तिला त्या दिवसापासून विचारते आहे, असं तिनं सांगितलं. कंपोंडर काय बोलले? डाक्तरानं लिवायचं का थांबवलं? आणि पारूला ते सांगता येत नाही. आजीच्या तोंडून ते शब्द कसे निघायचे? "तुमीच सांगा तिला. तुमच्या नावानं मिरची जळलीया, आनखी एकदा बोललात तर काय व्हनार न्हाय."

मी हात पुसले आणि दार उघडून ओटीवर गेलो. चंद्रीसमोर उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, सात वर्षांची असताना कात्रीकडे बघत होती तशीच. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, पोर बरं आहे.

पहिल्या वेळीच तिला कळलं असावं. तिनं पोराला छातीशी धरलं आणि मान हलवली. तरी मी पुन्हा एकदा म्हणालो.